सहाही भाग विलंबित

प्रश्न : गंगापूर रोडवरचे आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी कोणा एकाच्या घरी जमून संगीत ऐकतो. या वेळी रशियन संगीतकार दिमित्री शोस्टाकोविच यांचे पंधरावे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या चार वाद्यांसाठीची रचना, लावले होते. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पंधराएक मिनिटांत उठून गॅलरीत गेले. तबला शिकणारा एक मुलगा शेवटी म्हणाला, की तो सारखी कशाची तरी वाट पाहत होता. पंचवटीच्या मावशींच्या डोळ्यांत मात्र पाणी होते आणि त्याचे कारण त्यांना सांगता येईना. यांपैकी कोणाचे ऐकणे योग्य म्हणावे?

उत्तर : तिघांनीही ती रचना नीट ऐकली आहे, असे माझे मत आहे, आणि गॅलरीत गेलेल्या गृहस्थांनी तर विशेषच. मे १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या या रचनेचे एलेजी (शोकगीत), सेरेनेड (प्रियाराधनाचे गीत), इंटरमेझो (मधला छोटा भाग), नॉक्टर्न (रात्रगीत), फ्यूनरल मार्च (अंत्ययात्रेचे संगीत) आणि एपिलॉग (उपसंहार) असे सहा भाग आहेत. ते मध्ये न थांबता सलग वाजतात आणि सहाच्या सहा भाग अदाजिओ, म्हणजे विलंबित लयीत आहेत. पहिला भाग असा वाजवा, की माश्या उडता उडता मरून खाली पडाव्यात आणि श्रोत्यांनी कंटाळून सभागृह सोडावे, असे शोस्टाकोविच यांनी वादकांना सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. श्रोत्याचा कंटाळा त्यांनी आधीच हिशेबात धरला होता.

तबल्याच्या विद्यार्थ्याने जे सांगितले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. मोठ्या ख्यालाची बढत कितीही सावकाश होत असली, तरी पुढे छोटा ख्याल येणार, ताना येणार, हा भरवसा आपल्या कानाला पहिल्या आवर्तनापासून असतो आणि त्या भरवशावरच आपण विलंबितात निवांत बसतो. इथे तो भरवसा मिळत नाही. तिसऱ्या भागात पहिले व्हायोलिन अचानक बेभान धावू लागते, तेव्हा क्षणभर वाटते की आता द्रुत सुरू झाली. पण त्याखाली चेलोने एकच स्वर घट्ट धरून ठेवलेला असतो, तो काही केल्या सुटत नाही, आणि दोनेक मिनिटांत ती धाव ओसरून नॉक्टर्नमध्ये व्हिओलाची दबकी, एकाकी सुरावट पुढे येते. त्या मुलाला सांगा, की त्याची वाट पाहणे फुकट गेलेले नाही.

मावशींना कारण विचारू नये, असे मला वाटते. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी येणारी माणसे आपण नाशिककर लहानपणापासून पाहत आलो आहोत. विधी आटोपतो, गुरुजी पुढच्या कुटुंबाकडे वळतात, बरोबरचे नातेवाईक रिक्षा ठरवायला जातात, आणि तरीही एखादा मुलगा कलशावरचे लाल कापड हातात चुरगाळत ओल्या पायरीवर बसून राहतो. एलेजीच्या आरंभी दुसरे व्हायोलिन एकटेच एका स्वराभोवती घुटमळू लागते आणि बाकीची वाद्ये एकेक करून त्याच्याजवळ येतात, पण त्याला तिथून उठवत नाहीत; ते ऐकताना मला दर वेळी ती पायरी दिसते.

प्रश्न : संगीतकाराचा मृत्यू जवळ आला होता, हे श्रोत्यांना आधी सांगावे की नंतर? आमच्या नाशिक रोडच्या मंडळात यावरून मतभेद झाले.

उत्तर : नंतर सांगावे. आधी सांगितले, की श्रोते रचना ऐकण्याऐवजी एका आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखे बसतात. शोस्टाकोविच यांचा उजवा हात अधू झाला होता, हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेले होते आणि ९ ऑगस्ट १९७५ रोजी मॉस्कोत ते वारले, हे सर्व खरे आहे. मात्र या क्वार्टेटनंतरही त्यांनी मायकेलअँजेलोच्या कवितांवरील गीतमाला आणि व्हिओला सोनाटा लिहिला, म्हणून हिला सरळ निरोपाची रचना ठरवणे मला पटत नाही.

सांगायचेच असेल, तर दुसरा एक प्रसंग सांगावा. दुसऱ्या क्रमांकापासून चौदाव्यापर्यंतची त्यांची सर्व क्वार्टेट्स प्रथम बेथोव्हेन क्वार्टेट या चार वादकांच्या एकाच संचाने वाजवली होती. पंधराव्याचीही तालीम तेच करत असताना ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांचे चेलोवादक सर्गेई शिरिन्स्की यांचे निधन झाले. पहिला प्रयोग १५ नोव्हेंबरला लेनिनग्राडमध्ये तानेयेव क्वार्टेट या दुसऱ्या संचाने केला. शोकाची रचना बसवणाऱ्यांच्याच घरात शोक यावा, हे आठवले की मला अजूनही गलबलून येते.

प्रश्न : ऐकताना आवाज किती ठेवावा? सुरुवातीला काहीच ऐकू येईना म्हणून आम्ही आवाज वाढवला आणि नंतर सगळेच दचकलो.

उत्तर : हा प्रकार बहुतेक घरांत होतो. एलेजी बारा मिनिटांच्या आसपास चालते आणि इतकी मंद आहे, की पंख्याची घरघर किंवा शेजारच्या कुकरची शिट्टी तिला सहज झाकून टाकते. मग कोणी तरी उठून आवाज वाढवतो आणि पाठोपाठ सेरेनेड सुरू होते. तिच्या आरंभी एका वाद्यावर एक स्वर जेमतेम ऐकू येईल असा उगवतो, फुगत फुगत किंकाळीपर्यंत जातो आणि तुटतो, की लगेच दुसऱ्या वाद्यावर दुसरा. असे सप्तकातले बाराही स्वर एकामागून एक येतात. म्हणून आधी सेरेनेडची ही सुरुवात लावून तिची किंकाळी सोसवेल इतपत आवाज ठरवावा, मग मागे येऊन एलेजीपासून सुरू करावे आणि शेवटपर्यंत बटणाला हात लावू नये. पंखा बंद ठेवावा. मोबाइलच्या स्पीकरवर चेलोचे खालचे स्वर नीट उमटत नाहीत, तेव्हा चांगला हेडफोन किंवा स्पीकर हवा. एपिलॉगचा शेवट विरत विरत होतो, त्यामुळे संपले असे वाटल्यावरही थोडा वेळ कोणी चहा ठेवायला उठू नये.