त्वरण शून्य तर बलही शून्य, मग सायकलचं पायडल का मारावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, 'गतीचे नियम' हा धडा तुम्ही तिच्यासोबत वाचताय, बल = वस्तुमान × त्वरण या सूत्रावरची गणितं सुटतात, पण दोन ठिकाणी गाडी अडते. एक, सायकल सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालली असेल तर त्वरण शून्य, म्हणजे सूत्राप्रमाणे बलही शून्य. मग पाय का भरून येतात? दोन, जड दगडाला पृथ्वी जास्त बलाने ओढते, तरी तो हलक्या दगडाच्या आधी खाली का येत नाही?

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतोय. गणितं बरोबर सोडवणारी मुलं पुष्कळ भेटतात, हे दोन प्रश्न विचारणारी फार थोडी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सायकल. सूत्रातलं 'बल' म्हणजे एकट्या तुमच्या पायांचं बल नव्हे. वस्तूवर बाहेरून जी जी बलं लागतात, त्या सगळ्यांची दिशेसकट बेरीज करून जे उरतं, ते तिथे लिहायचं. पाठ्यपुस्तकात 'असंतुलित बल' हा शब्द आहे, पण मुलं तो वाचून पुढे जातात आणि सूत्र लिहिताना नुसतं 'बल' लिहितात. सगळा घोटाळा त्या एका गाळलेल्या शब्दात आहे.

आकडे घालून बघा. तुम्ही आणि सायकल मिळून 90 किलो धरू. ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर वेगाने तुम्ही चाललाय. या वेगाला हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण मिळून अंदाजे 15 न्यूटन बल मागे ओढतं. (1 न्यूटन म्हणजे 1 किलोच्या वस्तूला 1 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल. हाताला अंदाज हवा असेल तर शंभर ग्रॅमचा टोमॅटो तळहातावर ठेवा, त्याचा भार साधारण तेवढाच.) तुम्ही पायडल मारता, मागचं चाक रस्त्याला मागे रेटतं आणि रस्ता सायकलला 15 न्यूटन बलाने पुढे ढकलतो. पुढे 15, मागे 15, बेरीज शून्य, त्वरण शून्य. सूत्र अगदी बरोबर आहे, आणि पाय दुखतात तेही खरं आहे, कारण दर सेकंदाला 5 मीटर अंतर त्या 15 न्यूटनशी झगडत कापावं लागतं. 15 गुणिले 5, म्हणजे 75 वॅट. छताचा साधा पंखा जेवढी वीज घेतो, तेवढं काम तुमचे पाय सतत करतायत.

आता पायडल थांबवा. पुढचं बल गेलं, मागचे 15 न्यूटन उरले. 15 भागिले 90, म्हणजे साधारण 0.17 मीटर प्रति सेकंद वर्ग. सायकल लगेच थांबत नाही. पहिल्या सेकंदात वेग ताशी जेमतेम 0.6 किलोमीटरने उतरतो. पुढे वेग कमी होईल तसा हवेचा विरोधही घटतो, म्हणून ती आणखी थोडी लांब जाते. मुलीला हे खऱ्या सायकलवर करून बघायला सांगा. पायडल सोडल्यावरही सायकल पुढे जाते, त्या वेळी तिला पुढे ढकलणारं कुणीच नसतं, हे तिला स्वतःला जाणवलं पाहिजे.

कारण आपली जुनी समजूत अशी असते की चालण्यासाठी बल लागतं. लागत नाही. चाल बदलायला बल लागतं, किंवा दिशा बदलायला. पृथ्वीवर घर्षण कुठेच पाठ सोडत नाही, त्यामुळे ढकलणं थांबलं की वस्तू थांबते असं आपण जन्मापासून बघतो. दोन हजार वर्षं मोठमोठ्या विद्वानांनाही तसंच वाटत होतं, तेव्हा नववीतल्या मुलीला तसं वाटलं तर त्यात कमीपणा काहीच नाही.

आपली रोजची भाषाही इथे आडवी येते. 'चेंडूला काय जोर होता!' असं आपण सहज म्हणतो आणि मुलांना वाटतं की चेंडूच्या पोटात काही बल भरलेलं असतं. चेंडूजवळ असतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान × वेग. 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी 90 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 25 मीटरने आला, तर त्याचा संवेग 4 किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. तो हाताला किती लागेल हे चेंडू एकटा ठरवत नाही. हात ताठ ठेवून सेकंदाच्या शंभराव्या भागात अडवला तर सरासरी 400 न्यूटन. हात मागे घेत दहाव्या भागात अडवला तर 40 न्यूटन. चेंडू तोच, वेग तोच. न्यूटनने 1687 साली 'प्रिन्सिपिया' या आपल्या ग्रंथात दुसरा नियम मांडला तो याच अंगाने: गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो, आणि त्याच्या लेखी 'गती' म्हणजे आपला संवेगच. वस्तुमान आणि त्वरणाचा गुणाकार ही आज आपण वापरतो ती मांडणी ऑयलर या स्विस गणितज्ञाने 1750 च्या सुमारास रुळवली.

आता दगड. वस्तुमान या एका शब्दाला दोन कामं आहेत, हे शाळेत पुरेसं सांगितलं जात नाही असं मला मनापासून वाटतं. पहिलं काम, पृथ्वी वस्तूला किती ओढणार हे ठरवणं. दुसरं, वस्तू आपल्या वेगातल्या बदलाला किती अडून बसणार हे ठरवणं. त्यालाच जडत्व म्हणतात. 1 किलोच्या दगडाला पृथ्वी 9.8 न्यूटनने ओढते, 10 किलोच्या दगडाला 98 न्यूटनने. ओढ दहापट झाली, पण अडून बसणंही दहापट झालं. 9.8 भागिले 1 करा किंवा 98 भागिले 10 करा, त्वरण 9.8 च. दोन्ही दगड बरोबर पडतात. पीस मागे राहतं ते हवेमुळे. घरी खात्री करायची असेल तर एका जाड पुस्तकावर त्याहून लहान कागद ठेवा, कागद पुस्तकाच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, आणि पुस्तक आडवंच्या आडवं सोडा. पुस्तक हवा बाजूला सारतं आणि कागद त्याच्याबरोबरच खाली येतो.

ही दोन कामं खरंच वेगळी आहेत हे दाखवणारं माझं आवडतं उदाहरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातलं आहे. तिथे वजनकाट्यावर उभंच राहता येत नाही, कारण काटा आणि माणूस दोघेही पृथ्वीभोवती एकत्रच पडत असतात. काटा शून्य दाखवणार. पण अंतराळवीरांचं वस्तुमान मोजणं गरजेचं असतं, तिथे स्नायू आणि हाडं झिजतात. 1973 साली 'स्कायलॅब' या अमेरिकेच्या अवकाश स्थानकावर यासाठी स्प्रिंगला जोडलेली खुर्ची होती: माणूस बसला की खुर्ची मागेपुढे झुलायची, आणि माणूस जितका भारी तितकी सावकाश. आंतरराष्ट्रीय स्थानकावरचं एक यंत्र तर सरळ तुमच्या मुलीच्या धड्यातलं सूत्र वापरतं. ठरावीक बलाने माणसाला खेचायचं, त्वरण किती झालं ते मोजायचं आणि भागाकार करायचा. समजा 35 न्यूटनने खेचलं आणि त्वरण 0.5 आलं, तर वस्तुमान 70 किलो. वजन नाहीसं झालं तरी वस्तुमान जागेवर असतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

याच धाग्यावर एक कोडं तिला घाला. भाजीवालीचा दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तर किलोभर वांगी किलोच दाखवील का? दाखवील, कारण वांगी आणि वजनाचं माप दोन्ही सारख्याच प्रमाणात हलकी होतात. स्प्रिंगचा काटा मात्र सहावा हिस्साच दाखवील.

शेवटी एक उदाहरण आमच्याकडचं, सांगली-कोल्हापूर भागातलं. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरच्या टायरवर. ट्रॅक्टर 2,000 किलो, उसासकट ट्रॉल्या 18,000 किलो, आणि टायरची पकड जास्तीत जास्त 10,000 न्यूटन देते असं गणितासाठी धरू. नुसता ट्रॅक्टर असेल तर ब्रेक लावल्यावर वेग कमी होण्याचा दर 10,000 भागिले 2,000, म्हणजे 5. ताशी 18 किलोमीटरवरून तो अडीच मीटरमध्ये थांबतो. ट्रॉल्या जोडल्यावर वस्तुमान 20,000, दर 0.5, आणि थांबायला 25 मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी 36 केला, तर 100 मीटर. ड्रायव्हरचा पाय तितक्याच चपळाईने ब्रेकवर पडला तरी. अशा ट्रॅक्टरच्या पुढे दुचाकी आडवी घालू नका हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि हेच आकडे फळ्यावर लिहून सांगतो.

या गणितात मुलीला एक गोष्ट शिकवा, जी पुढे बारावीपर्यंत उपयोगी पडेल: आधी ठरव, कोणत्या वस्तूबद्दल बोलतेयस. तिच्याभोवती पेन्सिलीने गोल कर आणि त्या गोलाबाहेरून आत येणारी बलंच मोज. वर मी ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या मिळून एक वस्तू धरली. आता गोल फक्त ट्रॉल्यांभोवती करा. त्यांना ब्रेक नाहीत, घर्षण थोडं म्हणून सोडून देऊ. मग त्यांना मागे रेटणारं कोण? ट्रॅक्टरला जोडणारी ती एकटी पिन. 18,000 गुणिले 0.5, म्हणजे 9,000 न्यूटन पिनेवर. ट्रॅक्टरभोवती गोल केला तर टायरचे 10,000 मागे, पिनेतून ट्रॉल्यांचे 9,000 पुढे, उरले 1,000. भागिले 2,000 केलं की पुन्हा 0.5. आकडे जुळले. आणि ब्रेक लावल्यावर ट्रॅक्टरला मागून जवळजवळ टनभर भाराइतकी ढकल बसते हेही दिसलं. वळणावर ही ढकल तिरकी बसते, तेव्हा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होतो.