शार्प पीसी-१३५० या जुन्या खिशातल्या कॉम्प्युटरवरून लॅपटॉपला सेव्ह मारलं की कचरा येतो आणि लोड मारलं की मशीन अडकून बसतं, काय चुकतंय?

तुमच्या बेसिकमध्ये काही चूक दिसत नाही. सिरीयल पोर्ट उघडणाऱ्या ओपनमध्ये १२०० (स्पीड), एन (पॅरिटी नाही), ८ (बिट), १, ए, सी (ओळ संपल्याची खूण) आणि शेवटी अँपरसँड लावून १ए असं दिलंय ना, मग सेव्हसाठी बरोबर आहे. घोळ वायरीत आहे. या मशीनच्या १५ पिनांवर खरं आरएस-२३२ (कॉम्प्युटरच्या जुन्या सिरीयल पोर्टचं स्टँडर्ड) नाहीच, शून्य ते पाचेक व्होल्टचा सिग्नल असतो आणि तोही साध्या यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टरच्या बरोब्बर उलटा. म्हणून सेव्हला कचरा. अस्सल एफटीडीआयची चिप असेल तर एफटी-प्रोग सॉफ्टवेअरमधून टीएक्स, आरएक्स (डेटा पाठवायची-घ्यायची लाइन), आरटीएस, सीटीएस ('थांब-पाठव' सांगणाऱ्या लाइनी) चारही इन्व्हर्ट म्हणजे उलट्या करा. स्वस्तातल्या सीएच३४० ला ते जमत नाही, मध्ये सिग्नल उलटा करणारी एक ७४एचसी१४ चिप टाकावी लागेल. आणि चुकूनही जुन्या डेस्कटॉपचा नऊ पिनी पोर्ट डायरेक्ट जोडू नका, त्यातले अधिक-उणे व्होल्ट मशीन खाऊन टाकतील. त्यासाठीच शार्पचा सीई-१३०टी हा लेव्हल कन्व्हर्टर यायचा.

लोड अडकायचं अजून एक कारण. मशीन फाइल संपल्याची खूण म्हणून तो १ए मागतं, नोटपॅड तो टाकत नाही, त्यामुळे अख्खा प्रोग्रॅम गेला तरी बिचारं वाट बघत राहतं. फाइल पाठवून झाली की टर्मिनलमध्ये हाताने कंट्रोल-झेड दाबा, सुटेल. नोटपॅडच्या ओळी सीआर-एलएफने संपतात म्हणून लोडसाठी ओपनमधल्या सी (नुसता सीआर) च्या जागी एल (सीआर-एलएफ) द्या. टर्मिनलमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोलही (आरटीएस-सीटीएस) चालू ठेवा, कारण हे मशीन प्रत्येक ओळ घेऊन पचवत बसतं, तोवर लॅपटॉप पुढचं ओतत राहिला की अक्षरं गळतात.

मी १९८६ च्या सुमारास रबाळ्याला एका कारखान्यात होतो, नौपाड्यातून ठाणे स्टेशन आणि तिथून बस. तिथल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे आकडे याच मशीनवर घ्यायचे होते. कन्व्हर्टर लावला, डिलिमिटर, म्हणजे ओळ संपल्याची खूण, एफ (एलएफ) ठेवला, इनपुट #१ ने ओळी यायला लागल्या पण अर्धवट, ०, ३, ५, ६, ९ नीट आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतंच काहीतरी. दोन दिवस वायरी हलवून बघितल्या, सोल्डरिंग परत केलं, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. मग आकड्यांचे आस्की कोड (प्रत्येक अक्षराचा ठरलेला नंबर) कागदावर बायनरीत मांडले तेव्हा ट्यूब पेटली. ज्या आकड्याच्या कोडात १ ची संख्या विषम तेच बिघडत होते, म्हणजे काटा ७ बिट ईव्हन पॅरिटीत (१ ची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला जादा बिट) बोलत होता आणि मी ८ बिट नो पॅरिटीत ऐकत होतो! एकूण बिट तेवढेच, म्हणून एरर पण येत नव्हती. ओपनमध्ये एन, ८ चं ई, ७ केलं आणि झालं.

तुमचा कचरा आधी नीट बघा. सगळंच बिघडलेलं असेल तर उलटा सिग्नल किंवा स्पीड, काहीच अक्षरं बिघडत असतील तर पॅरिटी. आणि लोड अडकलं तर ब्रेक दाबून बाहेर या, सेल काढू नका, नाहीतर मेमरीत असलेलं सगळं जाईल.