मुलीला मेटलर्जी करायचीय, करू द्यावी का?

खानापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला, मुलगी पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला. हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये असलेल्या मामाकडून टायटॅनियमबद्दल ऐकून तिनं मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा हट्ट धरलाय. ‘कॉम्प्युटर सोडून हे काय? पोट भरेल का?’ असं ते विचारतात.

नमस्कार. एसजी आयर्न (गोळ्यांच्या रूपातल्या ग्राफाइटचं ओतीव लोखंड) ओतल्यावर तुमचे लॅबवाले तुकडा घासून ग्राफाइटचे गोळे बघतात ना? तिला करायचंय ते त्याच जातीचं काम, धातू तेवढा वेगळा.

विमानात सर्रास लागणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. तो साधारण ९५० अंशांवर तापवून पाण्यात टाकला की आतली रचना अर्धवट अवस्थेत अडकते. मग ५००-५५० अंशांवर काही तास ठेवायचा. हेच एजिंग. त्यात अल्फा फेजचे (फेज म्हणजे धातूच्या आतल्या रचनेचा एक प्रकार) बारीक कण बाहेर पडतात आणि ताकद वाढते. पण बीटा या दुसऱ्या फेजचं प्रमाण जास्त असलेले मिश्रधातू कमी तापमानाला एज केले तर ओमेगा नावाची फेज तयार होते. हार्डनेस झकास येतो आणि धातू ठिसूळ झालेला असतो. म्हणजे नुसत्या हार्डनेसच्या आकड्यावर माल पास करता येत नाही. हे कण इतके बारीक की साधा मायक्रोस्कोप हात टेकतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

ऐकायला भारी वाटतं, पण रोजचं काम घासाघाशीचं. एमरी पेपर बदलला की तुकडा ९० अंशांत फिरवायचा आणि आधीचे ओरखडे जाईपर्यंत घासत बसायचं. टायटॅनियम त्यात फार छळतं. शिवाय त्याच्या एचिंगला (आतली रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग आम्लानं किंचित खाऊ देणं) हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं, त्याच्या जवळपासही तिला आत्ता जाऊ देऊ नका. मात्र साहेबांना विचारून सुट्टीत आठवडाभर तुमच्या लॅबमध्ये लोखंडाचे तुकडे पॉलिश करू द्या. तिसऱ्या दिवशी कंटाळली तर कॉम्प्युटर आहेच.

पगाराचं स्पष्ट सांगतो: सुरुवातीला कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमीच. बी.टेक. झाल्या झाल्या टायटॅनियम हाती येईल असंही नाही. पहिली नोकरी स्टील, हीट ट्रीटमेंट नाहीतर क्वालिटीत. टायटॅनियमच धरायचं तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक., मग हैदराबादची मिधानी ही सरकारी धातू कंपनी किंवा डीएमआरएल ही संरक्षण खात्याची धातू प्रयोगशाळा अशा जागा. तिनं मेटलर्जी निवडावी, टायटॅनियमचं पुढे बघता येईल.

प्रवेशाला तुमच्यापुढे दोन दारं आहेत. पीयूसी इथून झाल्यामुळे सुरतकलच्या एनआयटीत कर्नाटकच्या कोट्यातून जागा मिळू शकते, त्यासाठी जेईई मेन. तो पेपर मराठीतूनही देता येतो, पण त्यासाठी महाराष्ट्रातलं केंद्र घ्यावं लागतं. दुसरं, वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या इंजिनीअरिंग प्रवेशात वेगळी सोय आहे. पुण्याच्या सीओईपीत मेटलर्जी आहे, पण त्यासाठी महाराष्ट्राची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. तुमचं गाव यादीत आहे का ते आधी बघा आणि मातृभाषेचा, सीमाभागात शिकल्याचा दाखला आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये कचेरीत रांग लागते.