सीड प्लॉटवर जाण्याआधी

चि. ... हिस अनेक आशीर्वाद.

गुजरातेत बनासकांठ्याच्या कपाशी सीड प्लॉटांवर, म्हणजे संकरित बियाणं तयार करणाऱ्या शेतांवर, बालमजुरीची पाहणी करायला निघालीस, बरं झालं. तुझी प्रश्नावली वाचली. 'शेतात चौदाखालची मुलं आहेत का?' हा पहिला प्रश्न खोड. उत्तर 'नाही' हेच मिळणार.

त्यापेक्षा सकाळी जाऊन बघ. संकरित सरकीचं काम वेळेला बांधलेलं असतं. दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने पाकळ्या आणि पुंकेसर खुडायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नर म्हणून लावलेल्या वाणाचं फूल घासायचं. कळी-कळीला, रोज, दोन-अडीच महिने. एक दिवस चुकला की त्या दिवसाच्या कळ्या गेल्या. 'पोरींची बोटं नाजूक' असं तुला ऐकवतील. पोर मजुरीला स्वस्त आणि उलटून बोलत नाही, हे सांगणार नाहीत. १९७० साली सुरतेला सी. टी. पटेलांनी एच-४ हा संकरित वाण काढला, तेव्हापासूनची ही रीत; विदर्भातला शेतकरी जूनमध्ये बीटीचं पाकीट घेतो, तेही अशाच हातांनी झालेलं.

राजस्थानातल्या डुंगरपूर-उदयपूरच्या आदिवासी पाड्यांतून मजूर नेणारा तो मेट. आपल्या ऊसतोडीचा मुकादमच म्हण ना. तोही उचल देतो, घरात दाणा नसताना. म्हणून वयाआधी विचार: उचल किती, घेतली कोणी, फिटल्याशिवाय निघता येतं का? येत नसेल तर प्रकरण बालमजुरीपुरतं राहत नाही, १९७६चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा लागतो. साहेब लोक तो काढायला नाखूष असतात. तू काढ.

हल्ली अख्खं कुटुंबच भागिया म्हणून, म्हणजे पिकाच्या वाट्यावर राबायला, शेतावर राहतं. पोर दिसलं की 'घरचं काम'. बालमजुरी कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदतीची सूट दिली. मला विचारशील तर भलंमोठं भगदाड पाडलं. पण सकाळी दहाला फूल घासणारं पोर शाळेत नाही, एवढं तर उघड आहे. वेळ टिपून घे आणि गावच्या शाळेचं हजेरीपत्रक बघ.

पोरांशी बोलताना मेट जवळपास नको. आणि बियाणं कंपनी ऑर्गनायझरमार्फत, म्हणजे तिच्या मध्यस्थामार्फत, शेतकऱ्याला सरकीचा काय भाव देते, तो मजुरीशेजारीच लिही. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून परत येऊ नकोस. कच्चा तक्ता झाला की पाठव, तोवर इथल्या दुकानांतले पाकिटांचे दर मी जमवतो.