ब्रिटिश अभिनेत्री एलन टेरीचं, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या लेडी मॅकबेथच्या वेशातलं कॅबिनेट कार्ड (पुठ्ठ्यावर डकवलेला जुना फोटो) घ्यायचं आहे. ते व्हिक्टोरियन काळातलं अस्सल आहे की नंतरची छापील नक्कल, हे कसं ओळखायचं?

आधी १० पट भिंगाखाली चेहरा पाहा: समान अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्यातली प्रत आहे, फोटो नाही. खऱ्या फोटोत छटा सलग उतरतात. त्या काळच्या बऱ्याच प्रती अल्ब्युमेनच्या, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या. त्यात भिंगातून कागदाचे तंतू आणि बारीक तडे दिसतात, उजळ भाग पिवळसर पडलेले असतात. पुठ्ठा साधारण १०८ × १६५ मिमी भरायला हवा. ६४ × १०० च्या आसपास असेल तर ते कार्त-द-व्हिझित, म्हणजे याच प्रकारचं लहान फोटोकार्ड. कागद पातळ असल्याने तो पुठ्ठ्यावर डकवलेला असतो, त्यामुळे कडेला त्याची धार नखाला लागते. चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापलेलं वाटलं तर सोडून द्या.

पिवळेपणा अजिबात नाही म्हणून मात्र घाईने नकली ठरवू नका. वुडबरीटाइप, म्हणजे साच्यातून रंगीत जिलेटिनने उतरवलेल्या त्या काळच्या फोटोप्रती, फिकट होत नाहीत. त्यात ठिपके नसतात आणि तिरप्या उजेडात गडद भाग किंचित उंच दिसतात. नटनट्यांच्या फोटोंसाठी ही पद्धत भरपूर वापरली गेली.

तारखेचं मात्र जपून. टेरीने ही भूमिका केली तो ‘मॅकबेथ’चा प्रयोग १८८८ चा असला तरी लोकप्रिय निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षं प्रती निघत, म्हणून वेशभूषेवरून फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढंच ठरतं.