वाचक विचारतात : कुठल्या पात्याची सुरी कशाला?

प्रश्न : ताई, लग्नात सात सुऱ्यांचा सेट मिळालेला, लाकडी ठोकळ्यासकट. दोन वर्षं झाली, मी त्यातली एकच छोटी सुरी वापरते, लसणापासून कलिंगडापर्यंत सगळ्याला तीच. मासे सासूबाई आदोळीवर (विळीवर) चिरतात, मला खाली बसून जमत नाही. बाकीच्या सुऱ्यांचं करू काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी ते कलिंगड थांबवा बघू. आठ-दहा सेंटीमीटरचं पातं फळात अर्ध्यावरच संपतं, मग आपण जोर लावतो आणि सुरी सटकून हातावर येते. छोटी सुरी हातात धरून करायच्या कामाची, लसूण, आलं, मानकुराद आंब्याची साल, बस्स.

आता ठोकळ्यातली सगळ्यात मोठी, साधारण वीस सेंटीमीटरची काढा आणि धार पाटावर टेकवून बघा. टोकाकडे धार गोल होत वर गेलीय ना, ती गोलाई झुलवण्यासाठी असते, टोक पाटावरच ठेवायचं आणि मूठ वरखाली करायची, कोथिंबीर-मिरची भराभर बारीक होते. पण त्याच सुरीनं भेंडी नुसती वरून दाबून कापलीत तर चकत्या खालून माळेसारख्या जोडलेल्याच राहतात, कारण गोल धार एका वेळी पाटाला थोडीशीच टेकते. भेंडी, गवार, कोबी यांना जवळजवळ सरळ धारेची, रुंद पात्याची, पुढे पाठ खाली वाकलेली सुरी असते ती घ्या, तिला सांतोकू म्हणतात, जपानी प्रकार आहे. पातं रुंद असल्यामुळे बोटांची पेरं पाटावर आपटत नाहीत आणि चिरलेलं उचलून थेट कढईत टाकता येतं. मला स्वतःला रोजच्या भाजीला हीच आवडते.

माशांचं मात्र नीट समजून घ्या. अरुंद, वाकणारं पातं असेल ते काट्याला घासत मांस सोडवायला, काटा जिकडे वळतो तिकडे पातं वळतं. पण इसवणाचे (सुरमईचे) काप करताना मधला कणा आडवा तोडायचा असतो, तिथे हेच वाकणारं पातं अडकतं आणि वाकडं जातं. तिथे जाड पाठीची जड सुरी हवी, आधी लांब ओढून मांस कापायचं, कण्याला लागलं की धारेचा मुठीजवळचा भाग त्यावर ठेवून पाठीवर तळहातानं ठोसा द्यायचा. खवले काढायला धार कधीच वापरू नका, पात्याची पाठ वापरा. आणि चौकोनी मोठी सुरी असेल तर पाठ बघून घ्या हां, पातळ असेल तर ती भाजीची, हाडावर मारलीत तर धारेचे टवके उडतील.

सासूबाईंची आदोळी मात्र काढून टाकू नका. तिची धार जागेवर असते, पायाच्या वजनानं पाट हलत नाही, त्यामुळे निसरडा मासा दोन्ही हातांनी धरता येतो, सुरीत ही सोय नाहीच.

प्रश्न : बाबा होडीवर जातात आणि बागेतही काम करतात, त्यांना घडीचा चाकू घ्यायचाय. दुकानात टोकांचेच चार प्रकार दाखवले!
– एक वाचक, काणकोण

उत्तर : हलत्या होडीवर अणकुचीदार टोक नकोच. शीप्सफूट मागा, त्यात धार सरळ आणि पाठ पुढे खाली वाकून तिला मिळते, दोर कापताना हात घसरला तरी चाकू अंगात घुसत नाही, खलाशी म्हणूनच तो वापरत आले. बागेतली बारीकसारीक कामं जास्त असतील तर ड्रॉप पॉइंट, पाठ हळूहळू उतरत टोकाला येते म्हणून टोक दणकट राहतं. क्लिप पॉइंटला पाठीचा तुकडा कापून काढल्यासारखं दिसतं, टोक बारीक, भोक पाडायला छान पण डबा उचकटायला घेतला की मोडतं. चौथा म्हणजे आत वळलेला हॉकबिल असणार, ओढून कापायला उत्तम, दोर किंवा फांदी धारेतून निसटत नाही, पण पाटावर त्यानं काहीच चिरता येत नाही. माझं मत विचाराल तर बाबांना शीप्सफूट द्या, स्टेनलेसचा, आणि खाऱ्या पाण्यातून आला की गोड्या पाण्यानं धुवून पुसायला सांगा, बिजागरीत मीठ राहिलं की चाकू उघडताना अडकतो. आडसर (शहाळं) सोलायला मात्र यातला कुठलाच नको, कोयताच घ्यायचा.

प्रश्न : पोदेराचा (पाववाल्याचा) उंडो, म्हणजे कडक कवचाचा गोल पाव, कापला की चुराच फार होतो.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : दातेरी सुरी घ्या आणि दाबू नका, करवतीसारखी मागेपुढे ओढा, कडक कवच दातांनी फाटतं आणि आतला मऊ भाग चेपत नाही. पिकलेल्या टोमॅटोलाही तीच चालते. फक्त बशीवर ठेवून कापू नका, दातांची टोकं बोथट होतात आणि घरच्या दगडावर ती पुन्हा लावणं फार जिकिरीचं.