ॲल्युमिनियमच्या मुलाम्यातील कण (म्हणजे धातूतील बारीक स्फटिक) बारीक करायला मुलामा चढवतानाचा वीजप्रवाह वाढवणे पुरेसे नाही का? मँगनीज कशाला मिसळतात?

पुरेसे नाही. नागपुरातील एका प्रयोगशाळेत काही वर्षे हेच काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

हिंगण्याच्या एमआयडीसीत निकेलचा मुलामा पाण्यातील द्रावणातून चढवतात, तसा ॲल्युमिनियमचा चढत नाही. त्याचे प्रमाण विभव (आयनाचा धातू होणे किती सोपे, हे सांगणारा आकडा) उणे १.६६ व्होल्ट असल्याने त्याची पाळी येण्याआधीच पाण्यातून हायड्रोजन सुटू लागतो. म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड आणि एक सेंद्रिय क्लोराइड २:१ प्रमाणात मिसळून केलेला आयनिक द्रव, म्हणजे पाण्याशिवाय नुसत्या आयनांचा बनलेला द्रव, वापरतात. त्याचे आणि दमट हवेचे हाडवैर आहे. एका जुलैत बाटलीचे बूच नीट बसले नव्हते, तर पांढरा धूर निघून सगळा द्रव वाया गेला. मे महिन्यातल्या कोरड्या हवेची किंमत मला त्या दिवशी कळली.

आता मूळ मुद्दा. कॅथोडवर, म्हणजे मुलामा चढणाऱ्या पट्टीवर, आलेला अणू एकतर आधीच्या स्फटिकाला चिकटतो, नाहीतर नव्या केंद्रकात, म्हणजे नव्या स्फटिकाच्या बीजात, सामील होतो. प्रवाह घनता (दर चौरस सेंटीमीटरमागचा प्रवाह) वाढवली की नवी केंद्रके वाढतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे; परंतु एका मर्यादेपुढे आयनांचा पुरवठा कमी पडतो, पट्टीच्या कडांना फांद्या फुटतात आणि हाती भुकटी येते. त्यामुळे शुद्ध ॲल्युमिनियमचे कण बहुधा मायक्रोमीटरमध्येच अडकतात.

मँगनीज हे कोडे सोडवते. समतोल स्थितीत घन ॲल्युमिनियममध्ये अणूंच्या हिशोबाने त्याचा एक टक्काही विरघळत नाही, पण विद्युत-निक्षेपणात, म्हणजे विजेने मुलामा चढवताना, ते कितीतरी जास्त कोंबता येते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधक रुआन आणि शू यांनी २००९ मध्ये शून्य ते १५.८ टक्के मँगनीज घेऊन दाखवले की, प्रमाण वाढत जाते तसे आधी मायक्रोमीटरचे कण, मग अस्फटिक (अणूंची नियमित मांडणी नसलेल्या) भागाने वेढलेले नॅनोकण आणि शेवटी जवळपास पूर्ण अस्फटिक रचना मिळते.

शुद्ध ॲल्युमिनियमची पट्टी चुना फासल्यासारखी दिसते, तर मँगनीज वाढवलेल्या पट्टीत डोक्यावरची ट्यूबलाइट दिसते. चकाकीवर मात्र विसंबू नये, कारण नॅनोकण आणि अस्फटिक दोन्ही चकाकतात. फरक क्ष-किरण विवर्तनातच, म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण टाकून ते कसे विखुरतात हे पाहिल्यावरच, कळतो.

सरळ प्रवाहात हा बदल एकदम होतो. मध्येमध्ये क्षणभर प्रवाह उलटा केला, तर कणांचा आकार टप्प्याटप्प्याने उतरवता येतो; तेव्हा प्रवाहाशी खेळायचेच असेल तर तो नुसता वाढवण्याऐवजी असा उलटसुलट करून पाहावा.